डावीकडची रेघ

१

आमच्या सुनेला एक वाईट खोड आहे. मोठ्या माणसाची चूक दिसली की ती तोंड उघडते, आवंढा गिळते आणि तोंड परत मिटते. शेजारणी म्हणतात, किती गुणाची मुलगी! त्या गुणापायी एका भल्या माणसाच्या दुकानाची पायरी चार दिवस कुणी चढलं नाही. तिची खोड आधी सांगते आणि माझी मागाहून, कारण लिहिणारी मी आहे. माझी सांगायच्या आधी घोटभर पाणी प्यावं लागणार आहे.

खिशात फोन यायच्या आधीची ही गोष्ट. आमच्या चार ॲम्ब्युलन्स. यजमान गेले तेव्हा दोन होत्या, बाकीच्या दोन मी केल्या. शाळा माझी चौथीपर्यंत, पण माझ्यासमोर आवाज चढवेल असा ड्रायव्हर अजून जन्मायचाय. खालच्या खोलीत वायरलेसचा सेट आणि सेटसमोर मी. हॉस्पिटलचा फोन आला की मी सेटवर पत्ता सांगायचा, जो जवळ असेल त्याने गाडी पळवायची. एक नंबरवर मामा. ते कुणाचेच मामा नव्हेत, तरी सगळे म्हणतात. दोनवर पैलवान, तीनवर गप्पीदास, आणि चारवर माझा मुलगा.

त्या सकाळी साडेआठला फोन आला. एक बाई अडलेली, तिसरा मजला. मी बटण दाबून म्हटलं, "दोन नंबर, दोन नंबर." उत्तराला नुसतं घोंघों. पुन्हा हाक मारली, पुन्हा घोंघों. चौदा मिनिटं! पैलवान तिथून दोन गल्ल्यांवर उभा राहून गाडीच्या काचा पुसत होता. बाळ जिन्यातच झालं. दोघं सुखरूप, पण त्या बाईच्या सासूने फोनवर मला जे ऐकवलं, तसलं मी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवत आले होते. स्वतः ऐकायची वेळ पहिलीच.

महिन्यातली ही पाचवी खेप. दर खेपेला गाड्या परतल्या की तक्रारी सुरू. मामा म्हणायचे, "बाई, सेटला दमा झालाय." पैलवान सेट फोडायला निघायचा. गप्पीदास तर तेच गाऱ्हाणं अर्धा तास सांगायचा. माझा मुलगा मात्र एका शब्दाने कुरकुरला नाही. बापावर गेलाय, असं मी चारचौघांत म्हटलंही.

सून म्हणाली, "आई, हा बिघाड नाही. कुणीतरी आपल्याच चॅनलवर बटण दाबून बसतंय. एकाचं बटण दाबलेलं असेपर्यंत दुसऱ्याचा आवाज जात नाही."

सुनेचं शिक्षण यातलंच. लग्नाआधी ती चोरून चालवलेले सेट हुडकायच्या खात्यात नोकरीला होती.

"मग हुडक," मी म्हटलं. "ज्याचं बोट असेल त्याला बोटासकट माझ्यासमोर उभा कर."

आमच्या चॅनलचा सेट बाहेर कुणाकडे असेल, हे विचारायला मला शिक्षण लागत नव्हतं. माझ्या डोक्यात दोन नावं आधीच तयार होती.

२

पहिला पलीकडच्या रस्त्यावरचा ॲम्ब्युलन्सचा मालक. त्याच्या तीन गाड्या आणि आमच्या हॉस्पिटलवर डोळा. मी थेट त्याच्या ऑफिसात जाऊन बसले.

"काकू," तो हसत म्हणाला, "तुमच्या चॅनलवर मी कान ठेवून असतो, नाही कशाला म्हणू? पेशंट कुठे आहे ते तुमच्याच तोंडून कळतं, आणि माझी गाडी आधी पोचते. तुमचं तोंड बंद झालं तर माझी गाडी जाईल कुठे? शोधून काढा बाई त्याला. माझाही धंदा बसलाय."

निर्लज्जपणा होता, पण बोलणं पटण्यासारखं होतं.

दुसरा मिस्त्री. रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान. यजमानांचा जिवाभावाचा मित्र, वीस वर्षं आमचे सेट तोच बघतो. हॉस्पिटलची यंत्रंही तोच बघायचा, आणि दुकान चालायचं ते त्याच कामावर. दोन महिन्यांपूर्वी म्हणाला होता, वहिनी, सेट म्हातारे झालेत, बदला. मी ड्रायव्हरांदेखत म्हटलं होतं, "नवीन सेटवर तुम्हाला किती सुटतात?" तेव्हापासून तो आला नव्हता.

मी विचारलं तेव्हा त्याने इस्त्रीसारखं तापलेलं ते झाळायचं हत्यार बाजूला ठेवलं. "तुमच्या चॅनलचा एक सेट माझ्या कपाटात आहे, वहिनी. दुरुस्तीला आलेला. चालतोही. खोटं कशाला बोलू?"

खरं बोलणाऱ्याचा संशय जास्त येतो, हे माझ्या वयाचं शहाणपण.

तीन दिवस सकाळी सून आणि मी तिच्या छोट्या गाडीत दबा धरून बसलो. टपावर चार एरियल, मिस्त्रीने पूर्वी कधीतरी बसवून दिलेली. आत डब्यावर दिव्यांचं गोल कडं, घड्याळाच्या तबकडीसारखं. आवाज जिकडून येईल तिकडचा दिवा पेटायचा.

"आई, मी गाडी चालवणार, मला बघता यायचं नाही. तुम्ही दर ठिकाणी दोन गोष्टी लिहा. दिवा कुठला पेटला, आणि गाडीचं तोंड कुठल्या दिशेला आहे. समजलं ना?"

"तुझ्या सासऱ्यांना धंदा मी शिकवला," मी म्हटलं. हे काही तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण गाडीचं तोंड पुढेच असणार, मागे थोडंच असतं? तेवढं मी लिहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी साडेआठला घोंघों सुरू झालं. पहिल्यांदा आम्ही शाळेच्या भिंतीशी थांबलो. कोवळं ऊन उजव्या काचेतून येत होतं. पुढचा-उजवीकडचा दिवा पेटला. मी लिहिलं: शाळा, पुढे-उजवीकडे. मग सुनेने गाडी अशी पळवली की माझ्या मानेचे मणके मोजून घ्यावेत. दुसऱ्यांदा लाकडाच्या वखारीच्या कोपऱ्यावर थांबलो. इथे ऊन सरळ डोळ्यांत येत होतं, मला कपाळावर हात धरून दिवे बघावे लागले. अगदी डावीकडचा दिवा. मी लिहिलं: वखार, डावीकडे.

तेवढ्यात आवाज बंद झाला.

"दोन पुरेत," सून म्हणाली. "घरी जाऊन नकाशावर दोन रेघा मारू. मिळतील तिथे तो."

३

खालच्या खोलीत भिंतीवर गावाचा मोठा नकाशा आहे. आम्ही पोचलो तेव्हा चारही ड्रायव्हर हजर. सुनेला वर तिच्या माहेरचा फोन आला, म्हणून ती गेली. तिची वाट बघणं मला कमीपणाचं वाटलं. मालकीण मी की ती?

मी पट्टी घेतली. शाळेपासून पुढे-उजवीकडे, म्हणजे वर-उजवीकडे, एक रेघ. वखारीपासून डावीकडे दुसरी. मामांनी वाकून बघितलं आणि "अरे देवा" म्हणाले.

रेघा मिळाल्या त्या मिस्त्रीच्या दुकानावर.

सून खाली आली. तिने नकाशा बघितला, माझा कागद बघितला, मग माझ्या हातातली पट्टी बघितली.

"आई, जरा..."

"काय जरा?"

सगळे तिच्याकडे बघत होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काही नाही."

मी चप्पल पायात सरकवली ती तडक दुकानापर्यंत. मागे पैलवान आणि गप्पीदास, म्हणजे गावात बातमी पोचवायची वेगळी सोय नको. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. मी काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही, लिहायला हात रेटत नाही. "वीस वर्षं दूध पाजलं आणि साप निघालात" हे त्यातलं त्यातल्या त्यात सभ्य.

मिस्त्री उठला नाही. एवढंच म्हणाला, "वहिनी, तुमची खात्री आहे?"

"नकाशावर रेघ आहे! माझ्या हाताने मारलेली!"

त्याने भिंतीतलं बटण बंद केलं आणि हत्यार निवत ठेवलं. गिऱ्हाइकं आपापले रेडिओ उचलून निघून गेली. बातमी हॉस्पिटलात पोचली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला चिठ्ठी आली: चौकशी होईपर्यंत मिस्त्रीचं काम बंद, शनिवारी साहेबांसमोर हजर राहावं.

मला त्या दिवशी भूक चांगली लागली होती. हेही लिहून ठेवते.

४

सुनेला मात्र घास उतरेना. सकाळी सगळ्यांसमोर हळूच म्हणाली, "यंत्र कधीकधी चुकतं, आई. परत एकदा बघून येऊ."

"यंत्र जोडलं कुणी?" पैलवानाने मांडीवर थाप मारली. "एरियल मिस्त्रीनेच बसवून दिली ना तुम्हाला? मग चुकणारच! मुद्दाम चुकवली असणार."

झालं. कालपर्यंत मिस्त्री नुसता बटण दाबणारा होता, आता यंत्रात खोट घालणाराही झाला. संध्याकाळपर्यंत गप्पीदासने ते अख्ख्या गावाला पटवलं. सून पांढरी पडली. मला वाटलं, यंत्रावरचा आळ तिला लागला असेल.

शनिवारी साडेआठला सेट पुन्हा घोंघों करायला लागला. अकरा मिनिटं. संपल्यावर मी हॉस्पिटलला फोन लावला.

"मिस्त्री आले होते का?"

"आठ वाजल्यापासून साहेबांसमोर बसलेत," तिकडची बाई म्हणाली. "अजून इथेच आहेत. हलले नाहीत."

मी रिसीव्हर ठेवला. पैलवान म्हणाला, घड्याळ लावून ठेवलं असेल, कुणा माणसाला बसवलं असेल. त्याच्या डोक्यात काय काय येत होतं! त्याला गप्प बसवून मी माझी वही उघडली. कॉल, तक्रारी, सगळं मी त्यात लिहिते. अक्षर वेडंवाकडं, पण लिहिते.

सात खेपा. सातही वेळा मामांची तक्रार, पैलवानाची तक्रार, गप्पीदासची दोन-दोनदा. चार नंबर: काही नाही. चार नंबर: काही नाही. खाली खाली सात वेळा.

मी सुनेला हाक मारली. "मला एक सांग. जो बटण दाबून बसतो, त्याला ते घोंघों ऐकू येतं का?"

"नाही, आई. बटण दाबलं की त्याचा स्वतःचा सेट मुका नाही, बहिरा होतो."

"म्हणजे ज्याला ऐकूच आलं नाही, तो तक्रार करणार नाही."

"कुठला करणार?"

तिच्या डोळ्यांसमोर वही धरली. तिने चार नंबरची ओळ बोटाने वरपासून खालपर्यंत वाचली आणि ते बोट परत वर नेलं नाही. चार नंबर चालवतो तो तिचा नवरा.

"पण रेघा मिस्त्रीकडे जातात," मी म्हटलं. अजून मला त्या रेघांचाच आधार होता.

सुनेने वही मिटून माझ्या हातात दिली.

५

सोमवारी सकाळी मीच म्हटलं, गाडी काढ, वखारीपाशी चल. तोच कोपरा, तीच वेळ. हातात माझा कागद: वखार, डावीकडे. ऊन पुन्हा सरळ डोळ्यांत आलं. मी कपाळावर हात धरला, आणि तो हात तसाच राहिला.

"सकाळचं ऊन समोरून येतंय," मी म्हटलं. "म्हणजे गाडीचं तोंड उगवतीला."

"हो, आई."

"उगवतीला तोंड केलं की डावा हात उत्तरेला. हे चौथीतही शिकवतात. म्हणजे आवाज उत्तरेकडून आला होता. आणि मी रेघ मारली ती नकाशाच्या डाव्या हाताला."

"मावळतीला गेली ती," सून स्टिअरिंगकडे बघत म्हणाली. "नकाशाची डावी बाजू जागची हलत नाही. गाडीची गाडीबरोबर फिरते."

"आणि शाळेपाशी?"

"तिथे तोंड उत्तरेला होतं. नकाशाचीही वरची बाजू उत्तर. म्हणून पहिली रेघ बरोबर आली. दुसरी तेवढी चुकली."

म्हणून ती गाडीचं तोंड लिहायला सांगत होती. मला नकाशा वाचता येत नाही. कधीच आला नाही. वीस वर्षं तो भिंतीवर आहे, आणि मी गल्ल्या तोंडपाठ करून त्याच्यापुढे पट्टी फिरवत आलेय. हे घरात कुणाला माहीत नव्हतं, असं मला वाटायचं.

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. खाली आले तेव्हा."

मी काही म्हणणार तोच डब्यातून घोंघों सुरू झालं. डावीकडचा दिवा पेटला.

सुनेने गाडी उत्तरेच्या रस्त्याला घातली. दिवा आता समोरचा. शाळेपासूनची माझी ती पहिली, बरोबर आलेली रेघ पुढे जिथे या रस्त्याला मिळते, तिथे बंद पडलेला बर्फाचा कारखाना आहे. आवारात आमची चार नंबरची गाडी उभी होती.

माझा मुलगा स्टिअरिंगमागे ताठ बसला होता. माइक मांडीखाली दाबलेला. आम्हाला बघून त्याने तो काढलाही नाही. मीच दार उघडून ओढून काढला, तेव्हा घोंघों थांबलं.

"सेट बंद करून बसायचं होतं, मेल्या!"

"बंद केला तर तू विचारतेस, चार नंबर कुठे आहे," तो म्हणाला. "सगळ्यांचाच बंद पडला तर कोण कुणाला विचारणार?"

"पण का?"

माझ्या हातातल्या माइककडे बघत त्याने सांगितलं. दीड महिन्यापूर्वी सकाळी साडेआठला एका मास्तरांना नेत होता. ते मागून त्याच्याशी गप्पा मारत होते, पावसापाण्याच्या. वळणावर त्यांचं वाक्य अर्ध्यावर थांबलं. तेव्हापासून सकाळी सेट बोलायला लागला की याला तेच वळण दिसतं. सकाळची पंधरा मिनिटं काढली की दिवस निभतो, म्हणाला.

"मला सांगायचंस."

"तुला?" त्याने एवढंच विचारलं.

मी त्याला हाताला धरून खाली उतरवलं. जिन्यातल्या बाळाबद्दल जे बोलायचं ते तिथेच बोलले, आणि त्याने मान खाली घालून ऐकलं. किल्ली मी काढून घेतली. घरात ज्याला भीती सांगायला जागा नाही त्याने ती सेटवर दाबून धरली, आणि ती जागा अडवून मी बसले होते, एवढं मला कळत होतं. ते त्याला म्हणता आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

६

मिस्त्रीच्या दुकानात जाताना मी मुलाला आणि पैलवान-गप्पीदासला मुद्दाम बरोबर घेतलं. ज्यांच्यादेखत घाण केली त्यांच्यादेखतच झाडू मारायचा. समोरचा शिंपी, शेजारचा सायकलवाला, दोघं दारात आले.

मिस्त्री स्टुलावर रिकामा बसला होता. आधी मुलगा पुढे झाला आणि बटण आपण दाबत होतो म्हणाला. मिस्त्रीने नुसती मान हलवली.

मग मी म्हटलं, "चोर माझ्या घरात होता. आणि यंत्र बरोबर होतं. तुम्ही जोडलंत तसंच. रेघ मी चुकीची मारली. मला नकाशा वाचता येत नाही."

"वहिनी," मिस्त्री म्हणाला, "परवा मोठ्याने बोलला होतात. आत्ताचं शिंप्याला ऐकू गेलं नसेल."

माझे कान तापले. पैलवान आपल्या पायांकडे बघायला लागला. मी पायरी उतरून रस्त्यावर आले आणि ज्या आवाजात ॲम्ब्युलन्सला हाका मारते त्या आवाजात म्हटलं, "मला नकाशा वाचता येत नाही! मी अडाणी आहे, आणि ते लपवायला मी या माणसाला चोर केलं! हॉस्पिटलात हेच सांगायला निघालेय!"

शिंप्याने मशीन थांबवलं. सायकलवाला आत गेला, बहुधा हसायला. मिस्त्रीने भिंतीतलं बटण सुरू केलं. हत्यार तापायला थोडा वेळ लागतो, तोवर मी उभी राहिले. शेवटी म्हणाला, "चार नंबरचा सेट पाठवा. माइकचं बटण बघावं लागेल." माफ केलं असं काही म्हणाला नाही. मी ते मागायलाही गेले नव्हते.

हॉस्पिटलातून निघालो तेव्हा गाडीत सून आणि मी दोघीच. ती गाडी सुरू करेना. डोळे भरलेले.

"चुकलं माझं, आई," म्हणाली. "त्या दिवशी सगळ्यांदेखत तुमचा कमीपणा झाला असता. संध्याकाळी तुम्हाला एकट्यांना सांगणार होते. पण तुम्ही तोवर दुकानात जाऊन आला होतात. मग मला वाटलं, यंत्रावर ढकललं तर कुणाचंच नाव..."

"रडणं थांबव आणि नीट ऐक," मी म्हटलं. "यंत्राला अब्रू नसते, मिस्त्रीला होती. माझी झाकायला तू त्याची उघड्यावर टाकलीस. मी चुकले ते न कळून, आणि विचारायची लाज वाटली म्हणून. तो माझा गुन्हा, आणि मी तो रस्त्यावर ओरडून आलेय. तू चुकलीस ते सगळं कळत असताना, चार दिवस, माझ्या ताटात वाढत. म्हणून तुझा गुन्हा माझ्याहून मोठा, आणि तुला शिक्षाही मोठी. उद्या सकाळी चौघा ड्रायव्हरांसमोर मला त्या नकाशापुढे उभी करायची आणि वाचायला शिकवायचं. मी चिडेन, अंगावर येईन, तुझं माहेर काढीन. तरी जिथे चुकेन तिथे सगळ्यांदेखत म्हणायचं, आई, चुकलात. चल, काढ गाडी."